उतरता उतरता बदललेला बेत

दादर स्थानकावर संध्याकाळच्या गर्दीत एक उद्घोषणा होते. पुढची जलद लोकल नेहमीच्या फलाटावर न येता दुसऱ्याच फलाटावर येणार असते. क्षणात सगळी गर्दी वळते आणि जिन्याकडे धावते. कुणाची गाडी चुकते, कुणी घाईत भलत्याच गाडीत चढतो, कुणाची पिशवी बाकावरच राहते. यापैकी कोणालाही दादर नवीन नसते. उद्घोषणाही बरोबरच असते. गोंधळ होतो तो बदल ऐन वेळी कळल्यामुळे.

असाच बदल विमानाच्या कॉकपिटमध्ये रोज होतो. विमान उतरण्याच्या बेतात असते, सगळी तयारी झालेली असते आणि नियंत्रण कक्षातून आवाज येतो : धावपट्टी बदलली आहे, किंवा ठरलेला वळसा सोडून सरळ या, किंवा वेग एवढाच ठेवा, अजून खाली येऊ नका. बहुतेक वेळा दोन्ही वैमानिक हा बदल पचवतात आणि मागे बसलेल्या प्रवाशांना त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु ज्या मोजक्या वेळा तो पचत नाही, त्या वेळी काय होते याच्या नोंदी अपघातांच्या चौकशी अहवालांत सापडतात. त्यांतल्या तीन नोंदी भारतातल्या आहेत. एका अपघातातले विमान मुंबईहून निघालेले होते, तर दुसऱ्यातल्या कॅप्टनचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले होते.

हा विषय आता मुंबईकरांच्या आणखी जवळ आला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी भुयारी मेट्रोच्या शेवटच्या टप्प्याचे आणि नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन एकाच दिवशी झाले. गिरगाव किंवा दादरहून मेट्रोत बसले की थेट विमानतळाच्या टर्मिनलखाली उतरता येते. नवी मुंबईहून प्रवासी विमानांची उड्डाणे २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. विमानतळापर्यंतचा रस्ता सोपा झाला. विमानतळावरच्या आकाशाचे गणित मात्र सोपे झालेले नाही.

तीन अंशांचा उतार

ऐन वेळी होणारा बदल वैमानिकाला का जड जातो, हे समजण्यासाठी आधी विमान खाली कसे येते ते पाहावे लागेल. प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येते. म्हणजे एका सागरी मैलात, अर्थात १.८५ किलोमीटरमध्ये, सुमारे ३०० फूट. पस्तीस हजार फुटांवरून धावपट्टीपर्यंत यायचे तर उतरायला सुमारे २०० किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. मुंबईला येणाऱ्या विमानासाठी हे अंतर सरळ रेषेत मोजले तर साताऱ्याइतके भरते. म्हणजे विमान साताऱ्याच्या आसपास असतानाच ‘मुंबईला उतरणे’ सुरू झालेले असते.

आता समजा नियंत्रकाने मेहेरबानी म्हणून वीस सागरी मैलांचा वळसा वाचवला. प्रवाशाच्या दृष्टीने पाच-सात मिनिटे वाचली. वैमानिकाच्या दृष्टीने मात्र विमान अचानक सहा हजार फूट जास्त उंचीवर आहे. ही उंची संपवायची तर विमानाचे नाक खाली करावे लागते, आणि नाक खाली केले की वेग वाढतो. आजची विमाने इतकी गुळगुळीत आणि हवेतून सहज सरकणारी आहेत, की झपाट्याने खाली येणे आणि वेग कमी करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी नीट होत नाहीत. उतरताना पंखांवरच्या फळ्या उभ्या राहिलेल्या आणि विमान थरथरलेले अनेकांनी अनुभवले असेल. तो जास्तीची उंची किंवा वेग संपवण्याचाच खटाटोप असतो.

धावपट्टी बदलली तर काम आणखी वाढते. विमानाच्या संगणकात नव्या धावपट्टीचा मार्ग निवडायचा, त्यातले टप्पे आणि प्रत्येक टप्प्यावरची उंची नकाशाशी ताडून पाहायची, धावपट्टीच्या रेडिओ यंत्रणेची जुळणी तपासायची, किती उंचीपर्यंत धावपट्टी दिसली पाहिजे ते ठरवायचे, वाऱ्याचा आणि ओल्या पृष्ठभागाचा हिशेब करून लांबी पुरेशी आहे का ते पाहायचे, आणि उतरणे जमले नाही तर कोणत्या दिशेने वर जायचे हे दोघांनी एकमेकांना सांगायचे. शांतपणे केले तर ही काही मिनिटांची कामे आहेत. विमान मात्र त्या मिनिटांत थांबून राहत नाही. ते दर मिनिटाला सात-आठ किलोमीटर पुढे सरकत असते.

यंत्राला नेमके काय सांगितले?

‘एवढे संगणक असताना अडचण कसली?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. स्वयंचलित यंत्रणांनी विमानप्रवास खूप सुरक्षित केला, यात शंका नाही. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे जेट सांताक्रूझऐवजी जवळच्या छोट्या जुहू विमानतळावर उतरले आणि धावपट्टी संपल्यावर पुढे घसरत गेले. सुदैवाने कुणाचा जीव गेला नाही. आजच्या कॉकपिटमध्ये समोरच्या पडद्यावर नकाशा आणि धावपट्टी दिसत असताना अशी चूक होणे फार अवघड झाले आहे.

मात्र यंत्रणांनी जुन्या चुका कमी करताना नव्या प्रकारच्या चुकांना जागा करून दिली. विमानाला ‘खाली ये’ असे सांगण्याचा एकच मार्ग आता नाही. एका पद्धतीत संगणक आखलेल्या उतारावरून विमान नेतो. दुसऱ्या पद्धतीत मिनिटाला इतके फूट असा दर ठरवून दिला जातो. तिसऱ्या पद्धतीत इंजिने जवळपास रिकामी फिरत राहतात आणि विमान फक्त नाक वरखाली करून वेग सांभाळते. कोणती पद्धत चालू आहे, हे पडद्याच्या वरच्या भागातली काही अक्षरे सांगतात. शांत वेळी ती नीट वाचली जातात. ऐन वेळी बदल आला की दोन्ही माना संगणकाच्या कळफलकाकडे झुकतात आणि ती अक्षरे वाचायची राहून जातात.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या निबंधात हा पेच मांडला होता. यंत्र सोपी कामे स्वतःकडे घेते आणि अवघड प्रसंग माणसाकडे सोपवते. आणि सोप्या कामांचा सराव सुटलेल्या माणसाकडून त्या अवघड प्रसंगी सर्वाधिक कौशल्याची अपेक्षा केली जाते. त्यांच्या नजरेसमोर प्रामुख्याने कारखाने होते. कॉकपिटला मात्र त्यांचे निरीक्षण तंतोतंत लागू पडले.

मुंबईहून निघालेले विमान

१४ फेब्रुवारी १९९० रोजी इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे विमान मुंबईहून बंगळूरुला निघाले. एअरबस ए-३२० हे त्या काळातले सर्वांत आधुनिक विमान होते आणि इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात ते आदल्याच वर्षी, १९८९ मध्ये दाखल झाले होते. दुपारची वेळ, स्वच्छ हवा. विमानात कोणताही बिघाड नव्हता. तरीही ते धावपट्टीच्या सुमारे ७०० मीटर अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. विमानातल्या १४६ पैकी ९२ जणांचा मृत्यू झाला.

चौकशीत जे चित्र उभे राहिले ते असे. शेवटच्या टप्प्यात कॅप्टनने मिनिटाला ७०० फूट हा उतरण्याचा दर मागितला. शेजारच्या वैमानिकाने बहुधा दराऐवजी उंचीचे बटण फिरवले आणि ७०० फूट ही उंची लावली गेली. बंगळूरुचा तो विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर आहे. म्हणजे विमानाला जमिनीखालची उंची गाठायला सांगितले गेले. यंत्रणेने आज्ञा पाळली, इंजिनांची शक्ती किमान पातळीवर आणली आणि विमान खाली येत राहिले. यातून बाहेर पडायचे तर दोघांच्याही समोरची मार्गदर्शक यंत्रणा बंद करावी लागणार होती. एक बंद झाली, दुसरी चालूच राहिली. इंजिनांना पूर्ण शक्ती दिली गेली तेव्हा फार उशीर झाला होता, कारण जेट इंजिनाला रिकाम्या फिरण्यापासून पूर्ण जोरापर्यंत यायला काही सेकंद लागतात.

ही १९९० ची, नव्या विमानाशी जुळवून घेण्याच्या काळातली चूक होती असे म्हणून हा विषय मिटवता आला असता. परंतु २३ वर्षांनी, ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एशियाना एअरलाइन्सचे बोइंग ७७७ तशाच स्वच्छ हवेत धावपट्टीच्या अलीकडे समुद्राच्या बांधावर आदळले. विमान सुरुवातीला गरजेपेक्षा उंचावर होते. ती उंची संपवण्याच्या धडपडीत वैमानिकाने असा पर्याय निवडला, की ज्यात वेग सांभाळण्याचे काम यंत्रणा करतच नव्हती. ते काम यंत्रणा करते आहे असेच कॉकपिटमध्ये गृहीत धरले गेले होते. तिघांचा मृत्यू झाला. कंपनी वेगळी, देश वेगळा, विमानही वेगळे. गफलत मात्र बंगळूरुचीच.

एका अक्षराची आणि एका दशांश चिन्हाची किंमत

बदललेला बेत आणि संगणक यांची सर्वांत दुःखद गाठ २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियात पडली. मायामीहून कालीला निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे विमान दोन तास उशिरा पोहोचत होते. नियंत्रकाने वळसा न घेता सरळ समोरच्या धावपट्टीवर उतरण्याचा पर्याय दिला. उशीर भरून निघणार म्हणून वैमानिकांनी तो लगेच स्वीकारला. त्यासाठी ‘रोझो’ नावाच्या खुणेकडे जायचे होते. संगणकात ‘आर’ हे अक्षर टाकल्यावर त्याच अक्षराने ओळखली जाणारी ‘रोमिओ’ नावाची, बोगोटाजवळची खूण निवडली गेली. विमान डावीकडे, डोंगरांकडे वळले. चूक लक्षात येईपर्यंत ते दरीच्या बाहेर गेले होते. जमीन जवळ आल्याचा इशारा मिळताच वैमानिकांनी विमान वर खेचले, पण उतरण्यासाठी उघडलेल्या पंखांवरच्या फळ्या मिटायच्या राहिल्या. विमानातल्या १६३ पैकी १५९ जण मृत्युमुखी पडले.

त्याआधी जवळपास चार वर्षे, २० जानेवारी १९९२ रोजी, फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गजवळ एअर इंटरचे ए-३२० डोंगरावर आदळून ८७ जण गेले होते. वैमानिकांना हवा होता तो मार्ग मिळाला नाही आणि कमी वेळात दुसऱ्या मार्गाची तयारी करावी लागली. उतरण्याचा कोन ३.३ अंश लावायचा होता. बहुधा यंत्रणा कोनाऐवजी दराच्या पर्यायावर होती आणि तेच आकडे मिनिटाला ३,३०० फूट असे वाचले गेले. पडद्यावर दोन्ही वेळा ‘३३’ च दिसत असे, फरक फक्त दशांश चिन्हाचा. नंतर उत्पादकाने दर पूर्ण चार आकड्यांत दिसेल अशी सुधारणा केली. वैमानिकाला दोष देण्याऐवजी पडदा बदलला, तर पुढची चूक टळते, हा त्यातला धडा.

मंगळूरु आणि कोझिकोड

आपल्याकडच्या पुढच्या दोन अपघातांत यंत्रणेपेक्षा वेळेचा आणि थकव्याचा भाग मोठा होता.

२२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून मंगळूरुला येणाऱ्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानातल्या सहवैमानिकाने नेहमीच्या अंतरावर खाली उतरण्याची परवानगी मागितली. मंगळूरुचे रडार दोन दिवसांपासून बंद होते. त्यामुळे दोन विमानांतले अंतर राखण्यासाठी ही परवानगी बरीच उशिरा, सुमारे ८० सागरी मैलांवर मिळाली. विमान धावपट्टीजवळ आले तेव्हा ते असायला हवे त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर होते. कॅप्टन प्रवासाचा बराचसा काळ झोपलेले होते. ध्वनिमुद्रणात त्यांच्या घोरण्याचा आवाज आहे. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याचे सुचवूनही विमान उतरवले गेले. टेकडीवरच्या त्या धावपट्टीची लांबी अपुरी पडली आणि १५८ जणांचा बळी गेला.

परवानगी उशिरा मिळाली म्हणून अपघात अटळ नव्हता. पण त्यामुळे वैमानिकांसमोर एक कोडे आले, आणि ते सोडवायचे होते नुकत्याच झोपेतून जागे झालेल्या मेंदूला.

७ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी कोझिकोडला झालेला अपघात महाराष्ट्राच्या अधिक जवळचा. विमानाचे कॅप्टन दीपक साठे नागपूरच्या कुटुंबातले, हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले, दहा हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव असलेले. दुबईहून आलेले विमान पावसात धावपट्टी २८ वर उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून पुन्हा वर गेले. कॅप्टनच्या बाजूच्या काचेवरचा वायपर नीट चालत नव्हता. दुसऱ्या खेपेला त्याच पट्टीच्या विरुद्ध टोकाने, म्हणजे धावपट्टी १० वर उतरायचे ठरले. या दिशेने वारा पाठीमागून येत होता. सुमारे ८,८५० फुटांच्या ओल्या धावपट्टीवर चाके टेकली ती अर्धी पट्टी मागे पडल्यावर, सुमारे ४,४०० फुटांवर. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

विमान अपघात तपास विभागाच्या अहवालाने अस्थिर अवस्थेत उतरणे चालू ठेवणे आणि सहवैमानिकाने ‘वर चला’ सांगूनही तसे न करणे याला मुख्य कारण ठरवले. पण अहवाल तेवढ्यावर थांबला नाही. दुसऱ्या एका विमानाच्या उड्डाणाची सोय पाहताना नियंत्रकाने घाईने धावपट्टी बदलली आणि पाठच्या जोरदार वाऱ्याबद्दल सावध केले नाही, हे त्यात नोंदले आहे. कंपनीच्या नियोजनामुळे दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी कॅप्टनने कोझिकोडलाच पोहोचणे गरजेचे झाले होते, हेही नोंदले आहे. कॉकपिटमधला शेवटचा निर्णय माणूस घेतो, पण त्या निर्णयावरचे दडपण अनेक टेबलांवर तयार झालेले असते.

मेंदूचे गणित

अनुभवी, हुशार माणसेही अशा वेळी का चुकतात, याचे उत्तर मेंदूच्या मर्यादेत आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी मोजक्याच असतात. नवी सूचना आली की त्यातली एखादी बाहेर ढकलली जाते. हातातले काम मध्येच तुटले की ‘नंतर करायचे’ म्हणून ठेवलेली गोष्ट विसरण्याची शक्यता वाढते. गॅसवर दूध ठेवून दाराची घंटा वाजल्यावर जे होते तेच इथे होते. कालीच्या वैमानिकांच्या उघड्या राहिलेल्या फळ्या हे त्याचेच उदाहरण.

दुसरी मर्यादा कानांची. डोळे आणि विचार एका किचकट कामात गुंतले की मेंदू आवाज गाळून टाकतो. इशाऱ्याची घंटा कानावर पडते, पण मनापर्यंत पोहोचत नाही. तिसरी मर्यादा बेताला चिकटून राहण्याची. मुक्काम जवळ आला की ‘आता एवढे आलोच आहोत’ ही भावना बळावते. मंगळूरु आणि कोझिकोड या दोन्ही ठिकाणी शेजारच्या माणसाने सांगूनही बेत बदलला गेला नाही, यामागे अधिकाराची उतरंड असेल, तशी ही ओढही असेल.

या तिन्ही मर्यादा झोप अपुरी असली की अधिक घट्ट होतात. पहाटे दोन ते सहा या काळात शरीराचे घड्याळ सर्वांत मंद असते. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाला पूर्ण भानावर यायला काही मिनिटे, कधी अर्धा तासही लागतो. म्हणूनच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम आणले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली, रात्रीची व्याख्या सकाळी पाचऐवजी सहापर्यंत वाढवली आणि रात्रीच्या वेळेत उतरण्याची मर्यादा सहावरून दोनवर आणली. हे नियम २०२५ मध्ये जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली गेली. विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांचा संताप रास्त होता. पण ती सूट म्हणजे वेळापत्रकाचे ओझे पुन्हा पहाटेच्या मेंदूवर टाकणे होते, हे त्या गदारोळात फारसे कुणी बोलले नाही.

मुंबईच्या आकाशातली दाटी

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो. याच एका पट्टीच्या हिशेबावर नोव्हेंबर २०२३ मध्ये एका दिवसात १,०३२ विमानांची ये-जा झाली. म्हणजे सरासरी दर ८४ सेकंदांना एक विमान. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने गर्दीच्या तासांतली मर्यादा ४६ वरून ४४ वर आणायला सांगितली. एवढ्या घट्ट वेळापत्रकात एक विमान पट्टीवरून बाहेर पडायला थोडे रेंगाळले, तर मागच्या प्रत्येकाचा वेग, उंची किंवा वळसा बदलावा लागतो. ८ जून २०२४ रोजी एका विमानाने धावपट्टी पूर्ण सोडण्याआधीच मागचे विमान त्याच पट्टीवर उतरले. उड्डाण घेणारे विमान वेळेत हवेत गेले म्हणून ती बातमी अपघाताची झाली नाही.

पावसाळ्यात त्यात ढग, वारा आणि ओली पट्टी यांची भर पडते. १ जुलै २०१९ च्या रात्री स्पाइसजेटचे विमान मुसळधार पावसात मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरले आणि ती पट्टी काही दिवस बंद राहिली. सगळी वाहतूक छोट्या पट्टीवर वळवावी लागली. आता सरळ रेषेत सुमारे पंचवीस किलोमीटरवर दुसरा मोठा विमानतळ सुरू झाला आहे. जमिनीवरची गर्दी वाटली जाईल. आकाश मात्र दोघांचे एकच आहे आणि त्यातले मार्ग एकमेकांना सांभाळूनच आखावे लागणार आहेत.

‘जमणार नाही’ म्हणण्याची मुभा

यावर उपाय आहेत आणि ते बहुतेक साधे आहेत. वैमानिकांच्या शब्दकोशात ‘अनेबल’ असा एक अधिकृत शब्द आहे. त्याचा अर्थ, ‘हे जमणार नाही’. बदल पेलणारा नसेल तर तो नाकारण्याचा किंवा आकाशात एक फेरी जास्त मारण्याचा अधिकार कॅप्टनला आहे. हा शब्द उच्चारला म्हणून कुणी जाब विचारणार नाही, ही खात्री कंपनीने द्यायची असते. दुसरा उपाय, संगणकाशी झगडण्याऐवजी एक पायरी खाली येणे. गुंतागुंतीची आखणी सोडून दिशा, उंची आणि वेग साध्या बटणांनी द्यायचे, किंवा विमान हातानेच चालवायचे. त्यासाठी सराव हवा. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१३ मध्ये विमान कंपन्यांना हाताने उड्डाण करण्याच्या सरावाला प्रोत्साहन द्यायला सांगितले, ते याच कारणासाठी. तिसरा उपाय नियंत्रकांच्या बाजूचा. धावपट्टी बदलायचीच तर ती लवकर कळवावी, वाऱ्याची माहिती न मागता द्यावी आणि विमान अगदी जवळ आल्यावर सोयीचे म्हणून शॉर्टकट देऊ नयेत.

चौथा उपाय म्हणजे पुन्हा वर जाणे. जमिनीपासून साधारण हजार फुटांवर विमानाचा वेग, उतार आणि दिशा स्थिर नसेल तर उतरणे सोडून वर जायचे, असा जगभरातला नियम आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात मात्र असे दिसले, की अस्थिर अवस्थेतल्या शंभरपैकी जेमतेम तीन प्रसंगांत वैमानिक खरोखर वर जातात. बाकीचे बहुतेक सुखरूप उतरतात, आणि म्हणूनच पुढच्या वेळी वर जावेसे वाटत नाही.

परळच्या रुग्णालयांत काम करणाऱ्यांना हे सगळे परके वाटणार नाही. शस्त्रक्रियेत ऐन वेळी बदललेला बेत, सतत वाजणारे मॉनिटर, वरिष्ठांना ‘थांबा’ म्हणायला कचरणारे कनिष्ठ डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली, तिच्यामागे विमानसेवेचाच अनुभव होता.

यात प्रवाशाचाही वाटा आहे. विमान धावपट्टीच्या तोंडाशी आल्यावर अचानक इंजिनांचा आवाज वाढतो, नाक वर होते आणि खालची झोपडपट्टी, खाडी पुन्हा लहान होऊ लागते. केबिनमध्ये कुणी देवाचे नाव घेतो, कुणी वैमानिकाला नावे ठेवतो. पंधरा-वीस मिनिटांनी विमान शांतपणे उतरते आणि उशीर झाला म्हणून दारात उभ्या कर्मचाऱ्यांना चार शब्द ऐकवले जातात. त्या वेळी समोर कॉकपिटमध्ये दोन माणसांनी बदललेला बेत तपासून पाहिला होता, तो पटला नव्हता आणि त्यांनी वेळ मागून घेतला होता. मंगळूरु आणि कोझिकोडला त्या वीस मिनिटांनी १७९ जीव वाचले असते.